खेळणे कोणी दिले : मुलाने की घरच्यांनी?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

विषय : शाळांमधील खेळणीदानाचे उपक्रम आणि त्यातून मुले काय शिकतात

दिवाळीची आवराआवर सुरू झाली की माळ्यावरची, पलंगाखालची आणि कपाटामागची खेळणी बाहेर निघतात, आणि आपल्या मराठवाड्यात छत्रपती संभाजीनगर, लातूर, नांदेडसारख्या शहरांपासून अंबाजोगाई, उदगीरसारख्या तालुक्याच्या गावांपर्यंत अनेक शाळा व मंडळे जुनी खेळणी गोळा करून ती गरजू मुलांना वाटण्याचे उपक्रम हाती घेतात. वृत्तपत्रांतून त्यांच्या बातम्या येतात आणि मुलांवर दातृत्वाचे संस्कार झाले, असे त्यांत आवर्जून लिहिलेले असते. हे उपक्रम चांगल्या मनाने होतात याविषयी मला तिळमात्र शंका नाही. परंतु बीड जिल्ह्यातील जिल्हा परिषदेच्या शाळांत आयुष्यभर लहान मुलांना शिकवल्यावर, आणि निवृत्तीनंतर घराजवळच्या अंगणवाडीत जाऊन बसण्याची सवय लागल्यावर, या संस्काराविषयी काही सविस्तर लिहावे असे मला मनापासून वाटते. खेळणे दुसऱ्याच्या हातात देण्याच्या त्या एका क्षणातून मूल फारसे काही शिकत नाही. ते शिकते त्याआधीच्या दोन-चार दिवसांत, खेळणी निवडताना, पुसताना, दुरुस्त करताना आणि ते कोणाच्या हाती जाणार याचा विचार करताना. नेमके हेच दिवस आपण मोठी माणसे मुलाच्या हातून काढून घेतो.

बहुतेक घरांत काय घडते ते पाहावे. शाळेच्या व्हॉट्सॲप गटावर संध्याकाळी सूचना येते की उद्या प्रत्येक विद्यार्थ्याने किमान एक खेळणे आणावे. रात्री भांडी आवरून झाल्यावर आई कपाट उघडते, मूल झोपलेले असते, आणि जे मोडके, जे अडचण करणारे, जे वाढदिवसाला दुबार आलेले, ते ती पिशवीत भरते. सकाळी ती पिशवी मुलाच्या हातात दिली जाते आणि शाळेत टाळ्या वाजतात. आयजीच्या जिवावर बायजी उदार म्हणतात ते याहून वेगळे काय आहे? वस्तू मुलाची, निर्णय आईचा आणि कौतुक शाळेचे. मुलाला यातून एवढेच उमगते की आपली वस्तू आपण झोपलेलो असताना घरातून जाऊ शकते. माझ्या वर्गात एक मुलगा रोज दप्तरात दोन छोट्या गाड्या घेऊन येत असे. शाळेत खेळणी आणायची नाहीत, असे मी त्याला समजावले तेव्हा तो म्हणाला, ‘‘बाई, घरी ठेवल्या तर देऊन टाकतेत.’’ त्याच्या घरची माणसे उदार होती यात वाद नाही, परंतु त्या उदारतेने मुलाला वस्तू लपवायला शिकवले होते.

येथे एक गोष्ट स्पष्टपणे मांडली पाहिजे. वय उलटून गेलेले खेळणे देण्यात त्याग नसतो. आठ वर्षांच्या मुलाने खुळखुळा दिला तर त्याचे काहीही जात नाही, आणि म्हणून ‘केवढे मोठे मन आहे आमच्या बाळाचे’ असे त्याला वारंवार सांगणे खरे नाही. मुलांना खरे-खोटे फार लवकर कळते. त्यागाचा आनंद लहान मुलांना माहीत नसतो, असे मला मुळीच म्हणायचे नाही. कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञांनी २०१२ साली प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात दोन वर्षांच्या आतील बालकांना खाऊ दिला होता आणि समोर एक बाहुले ठेवले होते. संशोधकाने त्यांच्या हातात ठेवलेला दुसरा तसाच खाऊ बाहुल्याला देताना बालकांच्या चेहऱ्यावर जेवढा आनंद दिसला, त्यापेक्षा जास्त आनंद स्वतःच्या वाटीतला खाऊ देताना दिसला. ज्यांना अजून नीट बोलताही येत नाही अशा बालकांना आपल्यातले देण्याचे सुख समजते, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. परंतु त्या बालकांना तो खाऊ हवा होता. जे नकोसे झाले आहे ते देताना हे सुख आपोआप येत नाही, आणि म्हणून जुन्या खेळण्यांच्या दानातून शिकण्यासारखे जे आहे ते दुसरीकडे शोधावे लागते. माझ्या मते ते दोन ठिकाणी सापडते : वस्तूची निगा राखण्यात, आणि कधीही न पाहिलेल्या माणसाचा विचार करण्यात.

याचे एक उदाहरण मी जवळून पाहिले आहे. आमच्या शेजारी तिसरीत शिकणारी एक मुलगी आहे. तिच्याकडे महाराष्ट्राच्या नकाशाचे कोडे होते. प्रत्येक जिल्ह्याचा पुठ्ठ्याचा वेगळा तुकडा, आणि सगळे तुकडे जुळवले की राज्य पूर्ण व्हायचे. तिला ते आता डोळे मिटून लावता येत असल्यामुळे तिनेच ते द्यायचे ठरवले होते. देण्याआधी ती ओसरीवर ते एकदा लावून पाहत बसली, तेव्हा परभणी, नांदेड आणि वाशीम यांच्या मधली जागा मोकळी राहिली. हिंगोली सापडेना. सतरंजी झटकून झाली, कपाटाखाली झाडू फिरवून झाला, तरी हिंगोली मिळाली नाही. तिची आई म्हणाली, ‘‘असू दे गं, एक तर तुकडा आहे, त्यांना काय कळतंय?’’ त्यावर ती पोर म्हणाली, ‘‘ज्याचं गावच हिंगोलीत असंल त्याला कळंल की!’’ मग तिने लावलेल्या नकाशाखाली एक जुनी लग्नपत्रिका सरकवली, मोकळ्या जागेच्या कडेने पेन्सिल फिरवली, पत्रिका कात्रीने कापली, कडा जराशा मोठ्या झाल्या म्हणून पुन्हा कापल्या, शेजारच्या जिल्ह्यांचे रंग पाहून तुकडा पिवळा रंगवला आणि त्यावर नीट अक्षरांत ‘हिंगोली’ असे लिहिले. पुढे डब्याच्या झाकणाच्या आतल्या बाजूला तिने एक ओळही लिहून ठेवली : ‘एक तुकडा घरी केलेला आहे, जपून लावावा.’

या मुलीला त्या दुपारी कोणीही दातृत्वाचा धडा दिला नव्हता. तिला कोडे कोणाकडे जाणार हेही ठाऊक नव्हते. तरीही हिंगोलीत राहणारे एखादे मूल आपला जिल्हा शोधत बसेल आणि तो त्याला मिळणार नाही, हे चित्र तिला स्वतःहून दिसले, आणि ते दिसल्यावर तिला स्वस्थ बसवले नाही. ‘त्यांना काय कळतंय’ हे वाक्य आपण मोठी माणसे किती सहज बोलून जातो! देणाऱ्याच्या मनात घेणाऱ्याविषयी जे काही असते ते सगळे या वाक्यात येते, आणि मुले ते ऐकत असतात.

धर्माच्या गायीचे दात मोजू नयेत, असे आपल्याकडे म्हटले जाते. घेणाऱ्याने कसे वागावे ते या म्हणीत सांगितले आहे. देणाऱ्याने मात्र दात मोजलेच पाहिजेत, आणि हे मोजणे मुलाच्या हाताने झाले पाहिजे असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. आमच्या अंगणवाडीत खेळण्यांचे एक पोते आले होते. सेविका ताईंनी ते अंगणात सतरंजीवर रिकामे केले आणि आम्ही दोघी ते निवडायला बसलो. तीनच चाके उरलेल्या गाड्या, पत्त्यांचे अर्धे कॅट, डोळा निघालेली बाहुली, आणि सेल आत गळून हिरवा-पांढरा थर धरलेली एक वाजणारी पेटी. निम्म्याहून अधिक सामान आम्हाला बाजूला काढावे लागले, आणि ते फेकण्याची व्यवस्थाही ताईंनाच करावी लागली. ज्यांनी ते पोते पाठवले त्यांच्या घरची अडगळ कमी झाली एवढेच त्यातून साधले. त्या घरांतील मुलांनी ही खेळणी एकदा हाताळून पाहिली असती, तर ती त्यांनी स्वतःच परत ठेवली असती, कारण मोडक्या गाडीने खेळता येत नाही हे मुलांइतके कोणालाच ठाऊक नसते.

हे निवडणे सुरक्षिततेच्या दृष्टीनेही महत्त्वाचे आहे आणि ते सात-आठ वर्षांच्या मुलाला व्यवस्थित शिकवता येते. अंगणवाडीत तीन ते सहा वर्षांची मुले असतात, आणि त्यांची धाकटी भावंडे त्यांचे बोट धरून आलेली असतात. त्या वयात हाती येईल ते तोंडात जाते. घड्याळात किंवा वाजणाऱ्या खेळण्यांत असतो तो नाण्यासारखा चपटा सेल गिळला गेला तर अन्ननलिकेला दोन तासांच्या आत गंभीर इजा होऊ शकते. दोन छोटी लोहचुंबके पोटात गेली तर ती आतड्याच्या वेगवेगळ्या वळणांतून एकमेकांना ओढतात आणि आतड्याला भोक पडू शकते. आपल्या देशात चौदा वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचे झाले ते १ जानेवारी २०२१ पासून. त्याआधीची पुष्कळ खेळणी आजही घराघरांत आहेत आणि दानात प्रामुख्याने तीच येतात. सेलच्या खणाचे झाकण स्क्रूने घट्ट बसते का, रंगाचे पोपडे निघतात का, ओढल्यावर बाहुलीचे बटण तुटून हातात येते का, हे मुलाने आईसोबत बसून पाहावे. कापडी बाहुली साबणाच्या पाण्यात धुऊन उन्हात वाळवावी, उसवलेली शिवण त्याने स्वतः सुई-दोऱ्याने घालावी. मुलगा असला तरी घालावी, हे वेगळे सांगायला नको. जे दुरुस्त होण्यासारखे नाही ते दानाच्या पिशवीत न जाता घरीच एका डब्यात राहावे. त्यातली चाके, मोटर, तारा, स्प्रिंगा घेऊन मुले पुष्कळ काही करू शकतात. पुण्यात आयुका या खगोलशास्त्र संशोधन संस्थेच्या मुलांच्या विज्ञान केंद्रात अनेक वर्षे काम केलेल्या पद्मश्री अरविंद गुप्ता यांनी टाकाऊ वस्तूंपासून विज्ञानाची खेळणी कशी करावीत हे अवघ्या देशाला दाखवले आहे. मोडके खेळणे हे मुलाच्या घरचे धन आहे, ते गरिबाच्या माथी मारण्याची आवश्यकता नाही.

आता ज्या मुलाला द्यायचेच नसते त्याच्याविषयी. तीन-चार वर्षांच्या मुलाने एखादा फाटका हत्ती किंवा गोधडीचा विरलेला तुकडा सोडायला नकार दिला, तर तो स्वार्थीपणा नसतो. झोपताना, आजारपणात, आई जवळ नसताना त्याला त्या वस्तूचा आधार असतो. तिच्याशी तो खेळत नाही म्हणून ती नकोशी झाली, असा हिशेब मोठ्यांनी करू नये. ‘‘किती हट्टी आहेस, त्या गरीब मुलांकडे बघ,’’ असे म्हणून काढून घेतलेली वस्तू त्या मुलाच्या मनात गरीब मुलांविषयी राग तेवढा निर्माण करते. मुलाच्या ‘नको’ला मान दिला तरच त्याच्या ‘घ्या’ला काही अर्थ राहतो. मी पालकांना एक साधा मार्ग सुचवत आले आहे. मुलाने द्यायची ठरवलेली खेळणी एका खोक्यात घालून महिनाभर घरातच ठेवावीत, आणि त्या महिन्यात त्याने जे परत मागितले ते निमूटपणे परत द्यावे. महिन्याअखेर जे खोक्यात उरते त्याच्याशी मुलाची ताटातूट होऊन गेलेली असते आणि ते हसत हसत जाते. खेळणी कमी झाल्याने मुलाचे नुकसान होईल, ही भीती तर बाळगण्याचे कारणच नाही. अमेरिकेतील टोलेडो विद्यापीठात झालेल्या आणि २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ३६ बालकांना एकदा सोळा आणि एकदा चार खेळणी देऊन पाहिले, तेव्हा चारच खेळणी असताना बालके प्रत्येक खेळण्याशी अधिक वेळ आणि अधिक वेगवेगळ्या तऱ्हांनी खेळली.

शाळांनी बक्षिसांचा मोह टाळावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे. कोणत्या वर्गाने सर्वांत जास्त खेळणी जमवली याची स्पर्धा लावली जाते, प्रमाणपत्रे दिली जातात, क्वचित सहशालेय उपक्रमांच्या नोंदीत गुणही दिले जातात. मग मुले घरी येऊन आईच्या मागे लागतात की आणखी दोन दे, नाहीतर आमची तुकडी मागे पडेल, आणि काही घरांत त्यासाठी बाजारातून दहा-वीस रुपयांची नवी प्लास्टिकची खेळणी विकत आणली जातात. जर्मनीतील लाइपझिग येथील संशोधकांनी २००८ साली वीस महिन्यांच्या बालकांवर केलेला एक अभ्यास प्रसिद्ध केला. एखाद्याची खाली पडलेली वस्तू उचलून देण्याची मदत बालके आपण होऊन करतात. ज्यांना या मदतीबद्दल प्रत्येक वेळी बक्षीस दिले गेले, त्यांनी बक्षीस बंद झाल्यावर मदत करणेही कमी केले, आणि ज्यांना शाबासकी मिळाली किंवा काहीच मिळाले नाही त्यांची मदत मात्र चालू राहिली. मुलाच्या ठायी जे मुळातच आहे ते आपण प्रमाणपत्र देऊन विकत घेतो आणि मग ते त्याच्यापाशी उरत नाही. शाबासकी जरूर द्यावी, पण ती नेमकी असावी. ‘तू त्या गाडीचे चाक किती छान बसवलेस,’ एवढे म्हटले तरी पुरते.

संपादक महोदय, यानंतरचा मुद्दा थेट आपल्या क्षेत्राशी संबंधित आहे. खेळणीवाटपाच्या बातमीसोबत जे छायाचित्र छापून येते त्यात एका बाजूला गणवेशातील मुले, मागे पाहुणे व पदाधिकारी, आणि समोर हात पुढे केलेले एक मूल असते. त्या मुलाचा चेहरा स्पष्ट दिसतो, अनेकदा संस्थेचे आणि गावाचे नावही मजकुरात असते. बालगृहातील मुले ही कायद्याच्या भाषेत काळजी व संरक्षणाची गरज असलेली बालके आहेत. बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, २०१५ च्या कलम ७४ नुसार अशा बालकाची ओळख उघड होईल असे नाव, पत्ता, शाळा, छायाचित्र किंवा अन्य तपशील प्रसिद्ध करण्यास मनाई आहे, आणि त्याचा भंग केल्यास सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा दोन लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. वस्तीवरील किंवा अंगणवाडीतील इतर मुलांना हे कलम लागू होत नसेलही, पण त्यांच्याही आई-वडिलांना कोणी विचारलेले नसते. कायदा बाजूला ठेवला तरी, देणाऱ्या मुलाच्या शिक्षणाचा प्रश्न उरतोच. व्यासपीठावर उभे राहून खाली उभ्या असलेल्या आपल्याच वयाच्या मुलाच्या हातात वस्तू ठेवणारे मूल त्या दिवशी काय शिकते? मी वर आहे आणि तो खाली आहे, हे शिकते. घेणारे मूलही तेच शिकते, आणि त्याला ते आयुष्यभर पुरते. पुढे पाच-सहा वर्षांनी ही दोन्ही मुले तालुक्याच्या एकाच महाविद्यालयात शेजारच्या बाकांवर बसणार असतात, याचा आपण विचार करीत नाही.

म्हणून खेळणी पोहोचवण्याचे काम मोठ्या माणसांनी शांतपणे करावे, समारंभ करू नये, आणि मुलांची भेट घडवायचीच असेल तर ती खेळण्यासाठी घडवावी. एका उन्हाळी सुट्टीत आमच्या गल्लीतील काही मुलांना मी धारूरकडच्या एका वस्तीवर घेऊन गेले होते. तेथील कुटुंबे ऊसतोडीहून नुकतीच परतली होती. आमच्या मुलांनी चेंडू, कॅरम आणि प्लास्टिकचा एक मोठा ट्रक नेला होता. थोड्या वेळाने पाहते तर ट्रक बाजूला पडलेला आणि सगळी पोरे एका दहा वर्षांच्या मुलाभोवती गोल करून बसलेली. तो ज्वारीच्या धाटाची बैलगाडी करत होता. वरची कडक साल दातांनी सोलून तो तिच्या बारीक काड्या पाडायचा, आतल्या पांढऱ्या भेंडाचे तुकडे तोडायचा, आणि त्या काड्याच खिळ्यांसारख्या भेंडात टोचून जू, साटा, चाके असे एकेक जोडत जायचा. आमच्या मुलांना तोवर खेळणे दुकानातच मिळते असे वाटत होते. संध्याकाळी परत येताना एका मुलाच्या हातात ती बैलगाडी होती, आणि ट्रक तिकडे राहिला होता. देणारा कोण आणि घेणारा कोण, हे त्या दिवशी सांगता आले नसते. मुलांनी काही शिकावे असे वाटत असेल तर त्यांना अशा ठिकाणी न्यावे.

ऊसतोडीचा उल्लेख आला म्हणून एक व्यवहाराची गोष्टही सांगते, कारण आपल्या भागात ती ध्यानात घेतल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. बीड जिल्ह्यातून आणि शेजारच्या जिल्ह्यांच्या काही तालुक्यांतून हजारो कुटुंबे दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमाची उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, घेऊन पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात कारखान्यांकडे जातात, ती गुढीपाडव्याच्या आगेमागे परततात. काही मुले हंगामी वसतिगृहाच्या आधाराने गावातच आजी-आजोबांपाशी राहतात, पण अगदी लहान मुले आई-वडिलांबरोबर जातात आणि उसाच्या फडाच्या कडेला, कोप्यांच्या म्हणजे तात्पुरत्या झोपड्यांच्या आसपास त्यांचा दिवस जातो. दिवाळीच्या सुट्टीनंतर गोळा झालेली खेळणी डिसेंबरात वाटायला निघतात तेव्हा ज्यांच्यासाठी ती असतात ती मुले गावात नसतात. ज्या शाळांना खरोखर या मुलांपर्यंत पोहोचायचे असेल त्यांनी नवरात्राच्या आधी खेळणी तयार ठेवावीत, आणि कोणती खेळणी द्यायची हे आपल्या विद्यार्थ्यांनाच ठरवायला सांगावे. मी हा प्रश्न सातवीच्या एका वर्गात विचारला होता : बिऱ्हाड ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत चढवताना एका गाठोड्यात मावेल, चिखलात पडले तरी चालेल, सेल लागणार नाहीत, आणि एकट्याने तसेच पाच जणांनीही खेळता येईल असे खेळणे कोणते? वर्ग बराच वेळ बोलत राहिला. रिमोटची गाडी सर्वांत आधी बाद झाली, कारण सेल संपल्यावर ते आणणार कुठून, असे एका मुलीने विचारले. चेंडू, दोरीच्या उड्यांची दोरी, स्टीलची छोटी भातुकली, जाड पुठ्ठ्याची चित्रांची पुस्तके अशी यादी मुलांनीच केली. दुसऱ्याच्या आयुष्याचा इतका बारीक विचार त्या मुलांनी एरवी कोणत्या तासाला केला असता, हे मला सांगता येणार नाही.

द्यायचे ते कायमचे द्यावे असेही काही नाही. अनेक गावांत वाचनालय असते तसे शाळेत किंवा ग्रामपंचायतीच्या एखाद्या खोलीत खेळणीघर चालवता येते. आठवड्यासाठी खेळणे घरी न्यावे, आणि नोंदवहीत सही करून परत आणावे. यात गरीब-श्रीमंत असा भेद उरत नाही, कारण डॉक्टरांची मुलगी आणि शेतमजुराचा मुलगा एकाच रांगेत उभे राहून एकच कॅरम मागतात, आणि तुकडे हरवू न देण्याची जबाबदारी दोघांवर सारखीच येते. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये तीन ते आठ वर्षांच्या मुलांचे शिक्षण खेळातून व्हावे असे म्हटले आहे, आणि त्या वयासाठी केंद्र शासनाने फेब्रुवारी २०२३ मध्ये खेळणी, कोडी व बाहुल्यांचा ‘जादुई पिटारा’ही आणला. वस्तूंची सोय होत आहे ही आनंदाची बाब आहे. त्या जपण्याची सोय गावाने करायची आहे, आणि त्यात वरच्या वर्गातील मुलांना सहज सामावून घेता येईल.

खेळ ही मुलांवर केलेली मेहेरबानी नाही, हेही शाळांनी आपल्या विद्यार्थ्यांना सांगावे. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क संहितेतील कलम ३१ मध्ये विश्रांतीचा आणि खेळण्याचा हक्क प्रत्येक बालकाला मान्य केला आहे, आणि भारताने ही संहिता डिसेंबर १९९२ मध्ये स्वीकारली आहे. पाचवी-सहावीच्या मुलांना हे वाचून दाखवले की त्यांच्या प्रश्नांचा रोख बदलतो. ‘आपण त्यांना काय देऊ?’ असे विचारणारी मुले मग ‘त्यांच्याकडे खेळायला वेळ का नाही?’ असे विचारू लागतात. या प्रश्नाचे उत्तर आपल्या जिल्ह्यांत कोरडवाहू शेतीपाशी, उचलीपाशी, आणि धाकट्या भावाला कडेवर घेऊन शाळा बुडवणाऱ्या मुलीपाशी जाते. उत्तर देणे शिक्षकाला जड जाते हे मला अनुभवाने माहीत आहे, तरीही प्रश्न विचारू द्यावा.

आपल्या दैनिकाकडे माझ्या तीन विनंत्या आहेत. खेळणीवाटपाच्या बातम्यांत घेणाऱ्या मुलांचे चेहरे छापू नयेत, बालगृहांच्या बाबतीत तर मुळीच नाही. त्याऐवजी खेळणी दुरुस्त करणाऱ्या मुलांच्या हातांचे छायाचित्र छापता येईल. दुसरी विनंती अशी की, नवरात्राच्या सुमारे पंधरा दिवस आधी आपल्या जिल्हा पुरवणीत एक छोटी चौकट द्यावी, जीत परिसरातील अंगणवाड्यांना व वसतिगृहांना नेमकी कोणती खेळणी हवी आहेत आणि कोणती नकोत हे तेथील सेविकांना व अधीक्षकांना विचारून छापलेले असेल. आणि तिसरी, बातमी लिहिताना आपल्या वार्ताहरांनी किती खेळणी जमली या आकड्यासोबत, ती कोणी निवडली आणि कोणी दुरुस्त केली, हा प्रश्नही मुख्याध्यापकांना विचारावा. हा प्रश्न विचारला जाणार आहे असे एकदा शाळांना कळले, तर पुढच्या वर्षीची पोती निश्चितच वेगळी असतील.

कळावे, लोभ असावा.

आपली नम्र,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका,
अंबाजोगाई, जि. बीड